नऊ वार दव

मित्रांनो, मूळचे नऊ वार लांब, रंग उडालेले आणि काठाला दोन ठिकाणी रफू केलेले एक जुने लुगडे तुमच्याशी बोलते आहे. एकेकाळी माझा रंग पिकलेल्या जांभळासारखा होता, असे म्हणतात. आता मला पाहिलेत तर हा नेमका कोणता रंग, हे तुम्हाला सांगता यायचे नाही. दिवेलागणीला आभाळ राखाडी होण्याआधी एक क्षण असतो ना, तसा काहीसा समजा.

माझा जन्म हातमागावरचा. ज्या कोष्टीबुवांनी मला विणले ते काम करताना हलक्या आवाजात नामस्मरण करायचे. धोटा उजवीकडे गेला की एक नाम, डावीकडे गेला की दुसरे. त्यामुळे माझ्या अंगात किती धागे आहेत ते मला ठाऊक नाही, पण तितकी नावे आहेत एवढे ठाऊक आहे.

देऊळघाटच्या अर्जुनरावांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला विकत घेतले आणि आपल्या बायकोच्या, जनकाबाईच्या हाती दिले. तिने आधी मला देवापुढे ठेवले, मग नेसली. तिची ही रीत आजही तशीच आहे. नवा माठ असो की नवा खराटा, आधी देवाला दाखवायचा. तिचे बोलणे इतके हळू की मोठा आवाज काढायची वेळ आली तर तीच आधी लाजते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, यांतले काही तिच्याकडून कधी चुकले नाही.

काही वर्षे मी रोजच्या नेसणीत होते. धुण्याने विरत गेले, मऊ होत गेले. मग अर्जुनरावांनी मला एक वेगळेच काम दिले. शाळेजवळच्या त्यांच्या दोन एकरांत हरभरा असायचा. पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या पाल्यावर दव उतरते आणि त्यात पानांची आंबट चव मिसळते. त्याला आंब म्हणतात. पोट दुखले, जेवण पचले नाही, तर आमच्याकडे चमचाभर आंब देतात. नवराबायको माझी दोन टोके धरून पिकावरून हळूच मला ओढत नेत. मी दव प्यायचे, जड व्हायचे, आणि ती दोघे मला भगोण्यावर पिळायची. धुक्यात त्यांचे चेहरे दिसत नसत. फक्त माझ्या एका टोकाला एक ऊब आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. मला अजून ती पहाट स्वप्नात दिसते. लुगड्यांनाही स्वप्ने पडतात, मित्रांनो, आणि ती बहुतेक ओली असतात.

त्यांच्या पोटी लेकरू झाले नाही. म्हातारपणी अर्जुनरावांनी ती दोन एकर जमीन गावाच्या क्रीडा मंडळाला दिली आणि मुलींना खेळायला गवताचे मैदान करा म्हणाले. लोक हसले. हरभऱ्याच्या वावरात आता फुटबॉल पेरणार काय, असे चावडीवर त्यांना विचारले गेले. पण शाळेतल्या मुलींनी आणि बायांनी मिळून हरळीच्या मुळ्या ओळीने लावल्या आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे मैदान हिरवे झाले. ही हरळी म्हणजे तुमच्या गणपतीची दूर्वाच, बरे का. जनकाबाई तर अनवाणीच मैदानावर जायची. दूर्वेवर चप्पल कशी ठेवायची?

त्यानंतरच्या वर्षी अर्जुनराव गेले. जनकाबाईने मला बाकी कामांतून काढले आणि फक्त पूजेसाठी राखले. आणि एक नवा नेम धरला. तुळशीपुढे दिवा लावला की विहिरीवरचा पाइप घेऊन मैदानाला पाणी घालायचे, मगच तोंडात घास घालायचा. अंगावर मीच असायचे. पाण्याचे तुषार माझ्या पदरावर यायचे आणि ती पुटपुटायची, "प्या बाप्पा, पोटभर प्या." गवताशी बोलायची की अर्जुनरावांशी, ते मी कधी विचारले नाही.

पाइप विहिरीकडच्या अर्ध्या मैदानापर्यंतच पोहोचायचा. रस्त्याकडच्या अर्ध्या भागाला आठवड्यातून एकदा सकाळी टँकर पाणी द्यायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

यंदा मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आम्ही पहाटे मैदानावर गेलो, तर गवतावर जागोजाग पांढरी, कापसासारखी, अगदी पातळ जाळी पसरलेली. बांगडीएवढी गोल गोल. त्यांवर दव चमकत होते. जनकाबाईने हात जोडले. मुलींना फुटबॉल शिकवणारी समता तेव्हाच गोलपोस्टची जाळी बांधत होती. जनकाबाई तिला हळूच म्हणाली,

"समता, पाह्य वं! लक्ष्मीची पावलं उमटली. आज गुरुवार हाये ना."

समताने जवळ येऊन वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग एवढेच म्हणाली, "मावशी, ऊन आलं की जाते का हे?"

"जाईन. देवी काय दिवसभर बसते?"

ऊन आले, जाळी गेली. त्या संध्याकाळी जनकाबाईने आनंदाने घटकाभर जास्तच पाणी घातले.

मित्रांनो, ती पावले नव्हती. ती बुरशी होती. थंडीतल्या लांब, ओल्या रात्रींत ती गवताच्या पात्यांवर हातपाय पसरते आणि सकाळच्या उन्हात दिसेनाशी होते. दिसेनाशी होते, जात नाही. आठवडाभरात जिथे जिथे जाळी होती तिथे गवत वाळक्या कडब्यासारखे पिवळे झाले. आधी रुपयाएवढे ठिपके, मग एकमेकांत मिसळून सुपाएवढे डाग.

मंडळाचे अध्यक्ष अविनाश हे अर्जुनरावांचे पुतणे. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. ते मोटारसायकल कुंपणाशी लावून आत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काकू, मागच्या हिवाळ्यातबी असंच झालं होतं. यंदा तं पार केस गळल्यासारखं दिसून राह्यलं."

"येईन रे ते परत," काकू म्हणाली.

"कवा येईन? बारा जानेवारीले जिजाऊ जयंतीच्या मॅची हायेत. चार गावच्या पोरी येतीन. असं टक्कल दाखवता का त्याइले?" मग समताकडे वळून म्हणाले, "मॅडम, मी सरळ सांगतो. कमिटीत ठरलं. मॅचीपर्यंत गवत सुधरलं तं ठीक. नाही तं फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉक टाकतो. लग्नाले मंडप बसते, गाड्या उभ्या राहतात. गवताचे लाड कोन करन?"

"ब्लॉकवर फुटबॉल खेळून पाहा तुम्ही एकदा, भाऊ," समता म्हणाली. "गुडघ्याचं काय होते ते पुढच्या मीटिंगमध्ये सांगा."

"माह्या गुडघ्याले काय होते? ते तं आधीच गेले!" अविनाश हसले. पण जाताना पुन्हा म्हणाले, "बारा जानेवारी. बस."

जनकाबाईच्या हाताची मूठ माझ्या पदरावर इतकी घट्ट वळली की मला कळले, तिच्यासाठी ते नुसते गवत नव्हते. धन्याने मागे ठेवलेले एकमेव लेकरू तिथे आजारी पडले होते. आणि लेकरू आजारी असल्यावर आई जे करते तेच तिने केले. अधिक काळजी घेतली, म्हणजे अधिक पाणी घातले.

दत्तजयंती होऊन चार दिवसांनी संकष्टी आली. जनकाबाई पहाटे दूर्वा खुडायला गेली. एकवीस दूर्वा हव्यात, प्रत्येकीला तीन पाती हवीत, पाती अखंड हवीत. ती नेहमीप्रमाणे विहिरीकडे बसली. पहिली दूर्वा खुडली, तर पात्याच्या मधोमध पांढुरका पट्टा, दोन्ही कडांना तपकिरी रेघ. जणू कोणी पाते मधेच पोळले आहे. तिने ती बाजूला ठेवली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. ती सरकत राहिली, मी तिच्याबरोबर ओल्या गवतावरून घसटत राहिले. चाळीस दूर्वा झाल्या, देवाला वाहण्याजोगी एक नाही.

शेवटी ती उठून रस्त्याकडच्या भागात गेली. तिथे तिने कधी पाण्याचा थेंब घातला नव्हता. पण हात घालताच दूर्वा मिळत गेल्या. बारीक, ताठ, अखंड. एकवीस झाल्या. ती थांबली. मग पुन्हा मागे वळून पाहिले.

जिथवर तिच्या पाइपचे पाणी पोहोचायचे, बरोबर तिथवर पिवळे होते.

ती तिथेच बसली. धुक्यातून समता आली तेव्हा तिच्या ओंजळीत दूर्वा होत्या आणि डोळे कोरडे होते.

"समता, तुले हे माहीत होतं का वं?"

"हो, मावशी. मागच्या आठवड्यात कृषी कॉलेजच्या एका सरांना फोटो पाठवले होते. ते म्हणाले, संध्याकाळचं पाणी बंद करा. गवत रात्रभर ओलं राहते, त्यानंच या बुरशीला फावते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमचा नेम आहे. रोज दिवा लावून तुम्ही पाणी घालता. कसं सांगू मी?"

जनकाबाई दूर्वांकडे पाहत म्हणाली, "नेम माहा होता वं. गवतानं कुठं धरला होता?"

त्या संध्याकाळी तिने तुळशीपुढे दिवा लावला आणि पाइपाला हात लावला नाही. देवापुढे उभी राहून म्हणाली, "नेम मोडला असं समजू नको. वेळ बदलते. आता सकाळी देईन, आठवड्यातून एकदा, ऊन येईन तेव्हा." चंद्रोदय झाला तरी ती जेवायला बसेना. चार वर्षे ज्या प्रेमाने पाणी घातले त्याच प्रेमाने गवत जळले, हे पचवायला कोणते औषध द्यायचे?

पाणी थांबले. पण मित्रांनो, दव कोण थांबवणार? आमचा बुलढाण्याचा घाटमाथा. पौषात इथे पहाट अशी भिजते की पत्र्यावरून टपटप ऐकू येते. सकाळी नऊपर्यंत गवत ओलेच. समता म्हणाली, "सर म्हणतात, दव पहाटेच खाली पाडा. दोरी ओढा नाहीतर लांब बांबू फिरवा. पातं जितकं लवकर कोरडं होईल तितकं बरं."

"दहिवर पाडायचं?" जनकाबाईला ते पटेना. हरभऱ्याच्या घरची बाई ती. आमच्याकडे दहिवर म्हणजे पिकाच्या तोंडचे दूध. "हरभऱ्याले तं त्याच्यावरच दाना भरते."

"हरभरा वेगळा, मावशी. त्याला ते लागते. याला ते सोसत नाही."

जनकाबाईने विचार केला. "दोरीनं पडन, पन तिथंच पडन. पाडाले कशाले पाह्यजे? पिऊन घ्यावं ना."

आणि तिने माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला घडी करून हातावर घेऊन आली. उलगडले. एक टोक स्वतः धरले, दुसरे समताकडे केले. समताने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मावशी, हे तुमचं पूजेचं आहे ना? मी धरू?"

"तू नाही धरलं तं दुसरं टोक काय गोलपोस्टले बांधू? धर न माय."

समता हसली, आणि तिने मला धरले.

मग आम्ही निघालो. किती वर्षांनी माझ्या दोन टोकांना पुन्हा दोन ऊब होत्या! धुके इतके दाट की मैदान संपते कुठे आणि आभाळ लागते कुठे ते कळत नव्हते. मी गवताच्या टोकांवरून तरंगत होते, पीत होते, जड होत होते. मागे वळून पाहिले तर राखाडी मैदानावर हिरवा पट्टा उमटलेला. पट्टा संपला की दोघी मला कुंपणाबाहेर पिळायच्या. आठ पट्टे, आठ पिळे. सूर्य वर आला तेव्हा गवत कोरडे होते. सरावाला आलेली गोलकीपर प्राची ओरडली, "ओ मॅडम, मैदानाले इस्त्री केली काय?"

मला वाटले, झाले. मी धन्याचे मैदान वाचवले.

पाचव्या दिवशी रस्त्याकडच्या निरोगी भागात पांढरी जाळी दिसली.

तो दिवस मी विसरणार नाही. कारण समताला आधी कळले, आणि तिने माझे टोक हातातून खाली ठेवले तेव्हा मला कळले. आम्ही रोज विहिरीकडून सुरुवात करत होतो. आधी आजारी गवत, मग त्याच ओल्या अंगाने निरोगी गवत. बुरशी चालत येत नाही. तिला कोणीतरी उचलून न्यावे लागते. बुटांच्या तळव्यांनी, गवत कापायच्या यंत्राने, किंवा पूजेच्या लुगड्याने. तिला मी नेले होते. माझ्या अंगातल्या सगळ्या नावांसकट मीच तिला पाठीवर बसवून नेले होते.

"आता काय करावं?" समता खाली बसली. "माझंच चुकलं. सरांनी सांगितलं होतं, मी अर्धंच ऐकलं. बारा तारखेला सतरा दिवस राह्यले, मावशी."

तेव्हा जनकाबाई तिच्याजवळ बसली. त्या आठवड्यात तिचा आवाज प्रथमच हसरा वाटला मला.

"मी चार वर्षं चुकली. तू चारच दिवस. ऊठ. सांग, कसं करायचं?"

त्या दिवसापासून रीत बदलली. निरोगी बाजू आधी, आजारी बाजू शेवटी. काम झाले की मला घरी नेऊन चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळायचे आणि दिवसभर कडक उन्हात वाळवायचे. कुंपणाला लावलेली हिरवी जाळीची कनात समताने सोडून टाकली, म्हणजे सकाळचा वारा आणि कोवळे ऊन थेट गवतापर्यंत यावे. डागांमधले मेलेले गवत लोखंडी पंजाने खरडून गोळा केले आणि लांब नेऊन जाळले. मुलींनी सराव दहा वाजता, गवत कोरडे झाल्यावरच सुरू केला.

मित्रांनो, उकळत्या पाण्यात रोज जाणे सोपे नसते. माझे काठ सैल झाले. उरलासुरला रंग पातेल्यात उतरला. रफूचे टाके उसवले. पण नवी जाळी दिसेना. दोन दिवस दिसली नाही, चार दिवस दिसली नाही. जनकाबाई रोज पहाटे वाकून पाहायची आणि काही न दिसल्याबद्दल देवाला नमस्कार करायची. काही न दिसल्याचा एवढा आनंद मी कोणाला झालेला पाहिला नव्हता.

दहा तारखेला समताला मॅचच्या कामासाठी बुलढाण्याला लवकर जावे लागले. जनकाबाई माझे एक टोक धरून धुक्यात एकटीच उभी होती. दुसरे टोक गवतावर पडलेले. तेवढ्यात मोटारसायकल थांबली.

"काकू, एवढ्या थंडीत काय करून राह्यल्या?"

"उभी हाये. दुसऱ्या टोकाची वाट पाहून राह्यली."

अविनाश आत आले. पायांत बूट होते. काकूने नुसते बुटांकडे पाहिले. त्यांनी मुकाट्याने ते काढले, दव लागताच "अरे बापरे!" म्हणून एका पायावर नाचले आणि माझे टोक उचलले. पहिल्या पट्ट्याला ते बोलत होते. तिसऱ्या पट्ट्याला बोलणे थांबले. सहाव्या पट्ट्याला, आजारी भागात शिरताना, माझ्या मधोमध टरकन आवाज झाला. मी जवळजवळ आडवे फाटले.

अविनाश जागीच थिजले. "काकू, तुमचं पूजेचं लुगडं... काकांनी घेतलेलं."

"फाटू दे. दोन तुकडे झाले तं दोन पट्टे संगच होतीन."

ते माझा तुकडा उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांनी बोटाने वाळका डाग चाचपला. पिवळ्या पात्यांच्या खालून हरळीचे धावते कोंब डागाच्या कडेने आत शिरत होते. सुईसारखे, पोपटी. एका डागात, मग शेजारच्या डागात. डाग भरले नव्हते. पण एकही वाढला नव्हता.

"हे तं जितं हाये, काकू."

"हाव."

ते उठले. पायांची बोटे थंडीने लाल झाली होती. "ब्लॉकवाल्याले मी आज फोन करतो. नाही म्हनतो." मग माझा तुकडा पिळत त्यांनी विचारले, "उद्या किती वाजता यायचं?"

"साडेपाचले," काकू म्हणाली. "अन् बूट घरीच ठेवून ये."

बारा तारखेला चार गावच्या मुली खेळल्या. मैदानावर ठिगळे दिसत होती, ते खरे. आमचा संघ हरला, तेही खरे. पण मुली पडल्या तेव्हा गवतावर पडल्या आणि हसत उठल्या.

आता मी नेसायच्या कामाचे राहिले नाही, ओढायच्याही नाही. समताने दव प्यायला नवी जाड सुती चादर शिवून घेतली आहे. तिचे अंग अजून कडक आहे, शिकेल हळूहळू. माझे सहा तुकडे करून फाटकाजवळ एका लाकडी चौकटीवर ताणून बसवले आहेत. आत येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बुटांचे तळवे माझ्यावर पुसायचे, म्हणजे दुसऱ्या मैदानावरचा रोग पायांबरोबर आत येणार नाही. पहिल्या दिवशी प्राची माझ्यापुढे अडखळून उभी राहिली होती. पूजेच्या लुगड्यावर बूट कसा ठेवायचा? जनकाबाई म्हणाली, "ठेव पाय. ते तिथं त्याच्यासाठीच हाये." दर संध्याकाळी ती मला काढून नेते, उकळते, आणि सकाळी पुन्हा आणून बसवते. दिवेलागणीनंतरचा तिचा नेम आता हाच आहे.

म्हणून मित्रांनो, कोणत्याही हिरव्या मैदानावर गेलात तर दोन गोष्टी करा. गवतावर दव असेल तर ते वाळेपर्यंत कडेला बसून राहा. खेळ कुठे पळून जात नाही. आणि फाटकाशी माझ्यासारखे कोणी पसरलेले दिसले तर घाईने ओलांडून जाऊ नका. थांबा. आधी डावा पाय पुसा, मग उजवा. मला काही वाटत नाही. उलट, तुमच्या तळव्यांचे वजन अंगावर पडले की मला बरे वाटते.